चेक इंजिनचा दिवा: कोड उडवला की दोन दिवसांनी परत हजर

गिअरवेडा
मंडळी, वैतागलोय. २००९ ची पेट्रोल गाडी, १.८ लिटर, टर्बो नाही. मागच्या महिन्यात मूळ एअरबॉक्स काढून कोन फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाइप बसवला, पुढे दोन बकेट सीट टाकल्या. सगळं स्वतःच्या हाताने. तेव्हापासून चेक इंजिन आणि एअरबॅग असे दोन दिवे. ब्लूटूथचा ईएलएम ३२७, म्हणजे गाडीचे कोड वाचणारा ॲडॉप्टर, लावून फोनवर पाहिलं तर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), बँक १ (सिलिंडरची पहिली रांग). कोड उडवला की दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहा वेळा झालं. एअरबॅगचा कोड तर ॲपमध्ये दिसतच नाही. ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकू का?

धूरकाढ्या
बॅटरीची निगेटिव्ह अर्धा तास काढून ठेवा. माझा दिवा असाच गेला होता.

जुनापाना
बॅटरी काढून दिवा जातो, नाही असं नाही. पण ते थर्मामीटर झटकून ताप उतरला म्हणण्यासारखं झालं.

गिअरवेडा, दोन दिवसांचं कोडं आधी सोडवू. असा दोष पहिल्या फेरीत दिसला तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तो ‘पेंडिंग’ म्हणून बाजूला ठेवतो. पुढच्या फेरीतही दिसला तरच दिवा लावतो. म्हणजे तुमची गाडी दोन दिवस बरी नसते, गप्प असते. कोड उडवल्यावर त्याच संध्याकाळी पेंडिंगच्या पानावर बघा, पठ्ठ्या तिथे बसलेला सापडेल.

आणि उडवताना फक्त कोड जात नाही. फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे दोष नोंदला तेव्हाचे आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान. ईसीयूने शिकलेला फ्युएल ट्रिम जातो, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट. सहा वेळा उडवलात, सहा पंचनामे फाडलेत. यापुढे आधी स्क्रीनशॉट, मग बाकी सगळं.

ऑक्सिजन सेन्सरचं माझ्याकडून ऐका. हेडर (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदलल्यावर मलाही हाच कोड आला होता. मी सेन्सर बदलला. आठवड्याने दिवा परत. दोष होता हेडरच्या गॅस्केटमध्ये: सेन्सरच्या अलीकडच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि बिचारा सेन्सर ‘इथे ऑक्सिजन जास्त आहे’ हे खरंच सांगत होता. चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यालाच मी हाकलून दिलं. कोडमध्ये ‘लीन’ लिहिलेलं असतं, ‘सेन्सर खराब’ असं नाही.

आता काम. इंजिन पूर्ण गरम करा, ॲपमध्ये शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकलेला) ट्रिम दोन्ही लावा. एकदा आयडलिंगला, एकदा २,५०० आरपीएमवर धरून, आणि जमल्यास चढावर कोणाला तरी शेजारी बसवून. आकडे इथे टाका. आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर उतरत असतील तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. लोडबरोबर वाढत असतील तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) कमी मोजतोय. कोन फिल्टरला तेल जास्त लावलं की ते एमएएफच्या तारेवर बसतं. आणि सेन्सरपाशी पाइपचा व्यास मूळपेक्षा मोठा असेल तर तो कमी हवा सांगणारच, त्याची आकडेमोड जुन्या व्यासावर बेतलेली आहे.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र हे सगळं सोडून गाडी बाजूला घ्या. तो मिसफायर असतो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो.

गिअरवेडा
पेंडिंगमध्ये खरंच सापडला! दोन्ही ट्रिमची बेरीज: आयडलिंगला +२४, २,५०० वर +७, चढावर +५. एमएएफ मूळ नळीसकट तसाच ठेवलाय, फिल्टर कोरडा आहे.

जुनापाना
मग एमएएफला सोडा. व्हॉल्व्ह कव्हरमधून एक रबरी नळी निघते, ती पूर्वी एअरबॉक्सनंतरच्या पाइपला जोडलेली होती. आता कुठे आहे?

गिअरवेडा
तिच्या टोकाला छोटा गोल फिल्टर लावलाय. नव्या पाइपला नळी जोडायला जागा होती, पण तिथे टोपण बसवलं. फोटोत छान दिसतं म्हणून, खोटं कशाला बोलू.

जुनापाना
सापडला. पीसीव्ही व्हॉल्व्ह आयडलिंगला क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पोटातून) हवा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत, ओढतो. पूर्वी ती हवा एमएएफ ओलांडून यायची, मोजलेली असायची. आता त्या गोंडस फिल्टरातून न मोजता येते. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, म्हणून फरक मोठा दिसतो. रेस केल्यावर तो पातळ होतो. टोपण काढा, नळी तिथे जोडा, क्लॅम्प लावा. मग एकदाच कोड उडवा.

एअरबॅगचं वेगळं. साधी ॲप्स इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगचा मॉड्यूल वाचायला त्याच्याशी बोलणारा स्कॅनर लागतो. तुमच्या जुन्या सीटमध्ये साइड एअरबॅग होती का?

गिअरवेडा
होती. सीटखाली पिवळा कनेक्टर मोकळा लोंबतोय.

धूरकाढ्या
त्यात दोन ओहमचा रेझिस्टर खुपसा, दिवा विझतो.

जुनापाना
विझतो, आणि नसलेली एअरबॅग आहे असं मॉड्यूलला वाटत राहतं. पुढे गाडी घेणाऱ्यालाही. मी हे करत नाही, कोणाला सांगतही नाही. रोजच्या गाडीत मूळ सीट परत बसवा. बऱ्याच गाड्यांत हा दिवा पेटलेला असला की बाकीच्या एअरबॅगही उघडत नाहीत. आधी बॅटरी काढा, काही मिनिटं थांबा, मगच पिवळ्या कनेक्टरला हात. त्यात मल्टीमीटर अजिबात घालू नका.

गिअरवेडा
नळी जोडून पाच दिवस झाले. आयडलिंगला +३, पेंडिंग रिकामं. कॅटॅलिस्टचा मॉनिटर (कन्व्हर्टरची ईसीयू स्वतः करतो ती तपासणी) अजून पूर्ण झालेला नाही, हायवेवर फेरी मारीन. सीट रविवारी बदलतोय, मन मात्र होत नाहीये. गोल फिल्टर टेबलावर ठेवलाय, दिसतो छानच.