नौका तीन झाल्या, पण...
फुजियान धरून चीनकडे तीन विमानवाहू नौका झाल्या म्हणजे अमेरिकेची बरोबरी झालीच, हे काय पटत नाही बुवा. जहाजं ते धडाधड बांधतात, पण खरी मेख डेकवर आहे. आधीच्या दोन नौकांवर, लिआओनिंग आणि शानडाँगवर, कॅटापल्ट (म्हणजे विमानाला जोरात पुढे फेकणारं यंत्र) नाही, नुसता पुढे वर वळलेला रॅम्प, त्यामुळे जे-15 सारखं अवजड चिनी लढाऊ विमान उडवताना इंधन नाहीतर शस्त्रं, कशात तरी काटछाट करावीच लागते. फुजियानवरच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅटापल्टने ते सुटेल, मान्य. पण रात्री, खवळलेल्या समुद्रात, हलत्या डेकवर हुकने तार पकडून उतरणारे पायलट काय कारखान्यात बनतात का? त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. लिआओनिंगवर पहिलं जे-15 उतरलं 2012 मध्ये, अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका लँगली 1922 ची. आपली पहिली विक्रांतसुद्धा 1961 ची, हे लोक विसरतातच.