क्रूझवर अडकलेल्यांचं 'रडगाणं': हळदबाजार यांना उत्तर

कृष्णाकाठ
काल ज्येष्ठांच्या क्रूझ सहलीचा विषय निघाला तेव्हा हळदबाजार यांनी लिहिलं: "२०२० ला कोरोनात क्रूझ बोटीवर अडकलेल्यांचं उगाच कौतुक झालं. बाल्कनीत बसून तीन वेळचं आयतं खायचं, याला संकट म्हणतात होय? हौसेनं गेले, निस्तरा की." वाचून रात्रभर डोळा लागला नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ तेव्हा एका क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचं पोट अजून तिथंच आहे. बाल्कनी त्यानं जाहिरातीत बघितली. त्याची खोली पाण्याच्या पातळीखाली, एकावर एक दोन पलंग, खिडकी नाही.

डायमंड प्रिन्सेसचंच घ्या. जपानात योकोहामाला थांबवलेल्या या क्रूझ जहाजावर ३,७११ माणसं. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना सांगितलं, खोलीतच थांबा. मग त्यांच्या दारात ताट कोण नेत होतं? १,०४५ कर्मचारी. ते दोघं-दोघं एका खोलीत झोपत होते, एकाच मेसमध्ये जेवत होते. त्यांचं कसलं क्वारंटाइन? जहाजावर शेवटी ७१२ जणांना लागण झाली. आणि भारतीय होते १३८, त्यातले १३२ कामाला. हौसेनं गेलेले भारतीय सहा, हळदबाजारसाहेब. सहा!

हळदबाजार
कर्मचाऱ्यांबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. पण आता काढताच आहात तर ऐका. डॉलरमध्ये पगार घेताना कुणी रडत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागात आम्ही अकरा माणसं वरच्या मजल्यावर, खाली पाणी, लाइट नाही, प्यायला पाणी नाही, आणि पाचव्या दिवशी बोट. आम्हाला न्यायला विमान आलं नाही. योकोहामाच्या जहाजावरच्या भारतीयांना एअर इंडियाचं आलं.

मिरजेची सिस्टर
पुराचं दुःख मोठं म्हणून बोटीवरचं खोटं ठरत नाही, काका. मी कोविड वॉर्डात होते. क्रूझ म्हणजे वयस्कर माणसं, बारीक बोळ, एकच जेवणाचा हॉल आणि सगळ्यांचा हात लागलेला एकच डाव. तिथं आजार शिरला की संपलं. योकोहामाला कित्येकांच्या रोजच्या गोळ्या संपल्या होत्या. बीपीची गोळी चार दिवस नसेल तर बाल्कनी काय चाटायची? बाकी कृष्णाकाठ यांचं बरोबर आहे. सुरुवातीला जे वीस कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले, त्यातले पंधरा जेवणाच्या कामावरचे होते.

निवृत्त मास्तर
सहल मीच सुचवली होती, म्हणून विचारतो. जानेवारी २०२२ ला मुंबई-गोवा क्रूझवर दोन हजारांत ६६ पॉझिटिव्ह निघालेच होते ना? मग आता जाऊ नये का?

साताऱ्याची सून
तुम्ही सगळे बोटीवर काय बसलाय? जमिनीवरचं बोला. जुलै २०२० ला माझे वडील तासगावला वारले. मी साताऱ्यात. दुसऱ्या जिल्ह्यात जायला तेव्हा लागायचा त्या ई-पासचा अर्ज दोनदा नाकारला, शेरा 'कारण अपुरे'. बाप गेलाय, आणखी किती कारण पाहिजे? कराडच्या पुढं हद्दीवर भर पावसात दोन तास उभी होते. पोचले तेव्हा सावडणंसुद्धा उरकलं होतं. त्या वेस्टरडॅम क्रूझला पाच ठिकाणी उतरू दिलं नाही म्हणून जगभर बातम्या. शेवटी कंबोडियानं तरी घेतलं. मला माझ्या माहेरानं घेतलं नाही.

वाळवा एक्सप्रेस
ताई, दुःख झालं. आमच्या इस्लामपूरचं तर अख्खं जहाज करून टाकलं होतं. मार्च २०२० ला परदेशातून आलेल्या चौघांपासून सुरुवात झाली, आणि पुढं इस्लामपूरचा म्हटलं की सांगलीत कुणी दुकानाच्या पायरीवर उभं करत नव्हतं. ई-पासचं म्हणाल तर एजंटाला पाचशे टेकवले की तासात मिळायचा. मी स्वतः टेकवलेत.

तहसीलचा माणूस
स्वतः टेकवलेत आणि वर तोंड करून सांगताय! मी तेव्हा अर्ज तपासणाऱ्यांत होतो. रात्री दोन वाजेपर्यंत बसायचो. डोहाळजेवण, नव्या गाडीची पूजा, आंब्याच्या पेट्या पोचवायच्यात. एकानं तर अर्जांत एकाच आजोबांना तीनदा मारलं. त्या गर्दीत खरं कुठलं, खोटं कुठलं, कसं कळणार?

साताऱ्याची सून
माझ्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडला होता. तो उघडायला दोन बोटं लागतात.

तहसीलचा माणूस
तुमचा अर्ज माझ्याकडं नव्हता.

साताऱ्याची सून
कुणाकडंच नसतो.

वाळवा एक्सप्रेस
मोठ्यांना महाबळेश्वरला जायला मात्र लॉकडाऊनमध्ये पत्र मिळत होतं. तेव्हा रात्री दोनपर्यंत कोण बसलं होतं?

हळदबाजार
बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. पैसेवाल्यांची सोय झाली.

कृष्णाकाठ
तेच कुठलं? तुम्ही ज्यांना पैसेवाले म्हणताय त्यांची भांडी माझा भाऊ घासत होता! आणि ई-पास २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, तुमचं भांडण अजून चालू आहे. विषयावर या.

डॉलरचं सांगतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की पगार थांबतो. त्याचं एप्रिलला संपलं. देशात विमानं बंद, बंदरं उतरू देईनात. साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, झाली ऑगस्टला. मधले चार महिने जहाज नांगर टाकून उभं, आणि किनाऱ्यावरचे दिवे रोज तेच. त्या वर्षाअखेरीस जगभरात चार लाख खलाशी असे अडकलेले होते. घर चालवायला आईनं दोन तोळे मोडले. हा तुमचा डॉलर.

मुंबईत हॉटेलात आठवडा काढून तो गावी आला, तर आईनं पत्रावळीवर भाकरी-आमटी उंबऱ्याबाहेर ठेवली, कडी वाजवली आणि मागं सरकली. रडत होती. हा मात्र हसायला लागला. म्हणाला, "आई, मी बोटीवर सहा महिने हेच केलंय. ताट ठेवायचं, टकटक करायचं, पळायचं. आज पहिल्यांदाच दाराच्या आतल्या बाजूला आहे."

मिरजेची सिस्टर
🙏

हळदबाजार
बाल्कनी मागे घेतो. आयतं जेवणही मागे घेतो, कारण ते आयतं कुणाला होतं ते आता समजलं. पण विमानाचं मागे घेणार नाही. गावभागाला पाचव्या दिवशी बोट, हे मी मरेपर्यंत बोलणार.

कृष्णाकाठ
बोला की. त्याला माझी ना कुठं आहे?

निवृत्त मास्तर
माझ्या प्रश्नाचं राहिलंच. आगाऊ पैसे भरून बसलोय. आतली खोली मिळालीये, बिनखिडकीची. खिडकीवालीला माणशी नऊ हजार जास्त सांगतात. सिस्टर, रोजच्या गोळ्या किती दिवसांच्या जास्त घेऊ?

मिरजेची सिस्टर
महिनाभराच्या घ्या, सर. आणि बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत ठेवा.

वाळवा एक्सप्रेस
तहसीलवाले गेले वाटतं जेवायला.