रात्री मरीन ड्राइव्हवर न विचारता काढलेला फोटो: ठेवावा की पुसावा?

निशाचर
शनिवारी आम्ही चौघं कुलाब्यात जेवून चालत चालत मरीन ड्राइव्हला आलो. साडेबारा वाजून गेले होते. कट्ट्यापाशी सायकलवर चहा विकणारा एक जण उभा. कट्ट्यावर बसलेली एक मुलगी मागे वळून त्याच्याकडून कप घेत होती, तेवढ्यात मागून आलेल्या टॅक्सीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. कॅमेऱ्याचं सेटिंग: ३५ची लेन्स, एफ २, आयएसओ ३२००. एकच फ्रेम मिळाली.

दोन मिनिटांनी तिच्या सोबतचा मुलगा आला. "दादा, आमचा फोटो काढलात का?" दाखवला. मुलगी म्हणाली, "मस्त आलाय. पण डिलीट करा." तिच्यासमोर केला.

घरी येऊन बघतो तर फोटो आहेच! माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं आहेत, दुसऱ्यावर आपोआप बॅकअप जातो, आणि मी फक्त पहिल्यावरचा पुसला होता. गेल्या पाच वर्षांतला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. काय करू?

खडूस
ठेव. यात विचारण्यासारखं काय आहे? रस्ता सार्वजनिक, बसलेत उघड्यावर. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (आधीचं ३५४सी) आहे ते बाईच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण करण्याबद्दल. चहा पिणं त्यात बसत नाही. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला फ्लॅश लावून न विचारता काढलेल्या फोटोवरून एका गृहस्थांनी फोटोग्राफर फिलिप-लोर्का डिकोर्सियावर दावा ठोकला होता. २००६ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, ही कला आहे म्हणून. विचारून काढलेल्या फोटोत माणसं दात दाखवतात, बाकी काही नाही.

शेवंती
खडूस, न्यूयॉर्क राहू द्या, मुंबईत या. इथे दोघांना बसायला खोली कुठे आहे? वन रूम किचनमध्ये सहा माणसं. म्हणून तर लोक त्या कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून बसतात. शहराकडे केलेली पाठ हाच त्यांचा पडदा. ती मुलगी चहा घ्यायला वळली तेवढ्यात तुम्ही पडदा बाजूला केलात.

माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा असाच एक फोटो कुणीतरी "मुंबई मूड्स" छाप मथळा देऊन टाकला होता. तिसऱ्या दिवशी तो तिच्या काकाच्या व्हॉट्सॲपवर. चौथ्या दिवशी वडील तिला न्यायला आले. परीक्षा राहिली. फोटो फार सुंदर होता हो, पावसातला.

एल्बेकाठचा
हॅम्बुर्गहून. जर्मनीत १९०७ पासून कायदाच आहे की माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही (अपवाद आहेत, पण ते असोत). मूळ किस्सा आमच्या गावाजवळचाच. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला त्या रात्री हॅम्बुर्गचे दोन फोटोग्राफर खिडकीतून आत शिरले आणि प्रेताचा फोटो काढून आले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि मग हा कायदा. परिणाम असा की इथले रस्त्यावर फोटो काढणारे निम्मा वेळ सावल्या नि छत्र्याच काढत बसतात. मला कंटाळा येतो, खरं सांगतो.

खडूस
@एल्बेकाठचा, बघा, स्वतःच कबूल केलंत! शेवंतीताई, मैत्रिणीचं वाईट झालं, पण दोष काकाचा की कॅमेऱ्याचा? अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ओव्हरकोटाखाली कॅमेरा लपवून माणसं टिपली. विचारत बसला असता तर आज ते चेहरे आपल्याला दिसले असते का?

शेवंती
आणि ते फोटो पुस्तकात आले कधी? १९६६ मध्ये. निशाचरांनीही पंचवीस वर्षं थांबावं, माझी हरकत नाही. तोवर काका जातील.

खडूस
:) हा एक मुद्दा दिला तुम्हाला. एकच.

गोंडा
मी पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात फोटो काढतो. आधी काढतो, मग दाखवतो, पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन देतो. एका मावशींनी प्रिंट परत केला, "नाक मोठं दिसतंय" म्हणून. तोही पुसला. तुमचं नाक ना, मग तुमचं म्हणणं.

पण मंडळी, एवढी चर्चा झाली नि फ्रेममधल्या तिसऱ्या माणसाचं कुणी नावच काढलं नाही. चहावाला! परवाना नसला तर महापालिकेची गाडी दिसताच सायकल घेऊन पळणाऱ्यांतला तो. त्याचा चेहरा, त्याची ठरलेली जागा, सगळं तुमच्या फोटोत. त्याला विचारलंत?

निशाचर
नाही विचारलं. डोक्यातच आलं नाही, लाज वाटली वाचून.

खडूस
आता चहावाल्याचीही परवानगी! उद्या टॅक्सीवाल्याची काढा.

निशाचर
काल रात्री परत गेलो होतो. सव्वाबारापर्यंत वाट पाहिली, मग तो आला. मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी मोठा करून फक्त स्वतःचा चेहरा बघितला, बराच वेळ. मुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाला, मला पाठवा, गावी बायकोला दाखवतो. आणि सायकल दिसू दे, नवी आहे. गाडीबिडीची त्याला काही फिकीर दिसली नाही.

आता एकाला हवाय, एकीला नकोय. तिला तर मी पुसला म्हणूनच सांगितलंय. शेवटी तिथेच बसून कापला. त्याचा चेहरा, सायकल, किटली ठेवली, ती दोघं बाहेर. त्याला पाठवला आणि घरी येऊन दुसरं कार्ड फॉरमॅट केलं.

खडूस
घालवलास फोटो! टॅक्सीचा उजेड गेला की त्यात राहिलं काय?

निशाचर
कप धरलेला तिचा हात राहिलाय, मनगटापर्यंत. तो काढला तर तो चहा कुणाला देतोय तेच कळत नाही.

शेवंती
हातात काही आहे का? अंगठी, बांगडी, घड्याळ?

निशाचर
लाल धागा आहे.