अल्जिनेट मण्यांतले जांभळे बॅक्टेरिया हायड्रोजन देत नाहीयेत

प्रश्न: एमएस्सी प्रोजेक्ट आहे. रोडोबॅक्टर स्फेरॉइडीस हा जांभळा बॅक्टेरिया सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासूनचा जेल होणारा पदार्थ) मिसळून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडला, मणी मस्त गोल झाले, बल्बसमोर ठेवल्यावर लालसर रंगही चढला, पण गॅस काही येत नाही आणि आता मणी पिळपिळीत व्हायला लागलेत. काय करू?

उत्तर १: मीडियात (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रावणात) अमोनियम आहे का बघ, बहुतेक तिथंच घोडं पेंड खातंय. हायड्रोजन बनवतं नायट्रोजिनेज हे एन्झाइम, आणि अमोनियम मिळालं की पेशी ते बंद करतात. नायट्रोजनसाठी त्याऐवजी ग्लुटामेट वापर, कार्बनला मॅलेट नाहीतर लॅक्टेट. गेस्ट आणि केमेन या संशोधकांनी १९४९ मध्येच अमोनियमचा हा परिणाम रोडोस्पिरिलम रुब्रम या दुसऱ्या जांभळ्या बॅक्टेरियात दाखवलाय. आणि बाटलीत आर्गॉन सोड, नायट्रोजन नको, नाहीतर सगळे इलेक्ट्रॉन अमोनिया करण्यात जातात!

उत्तर २: मणी बफरमधल्या फॉस्फेटमुळे मऊ पडतायत, मण्यांना घट्ट धरणारं कॅल्शियम तो ओढून घेतो. बफर बदल किंवा सरळ अगारमध्ये बसव. मणी लहानच ठेव, मोठ्यात आतपर्यंत उजेड पोचत नाही. साधा तारेचा पिवळा बल्बच बरा, या बॅक्टेरियांना लागणारा ८००-८५० नॅनोमीटरचा उजेड पांढऱ्या एलईडीत जवळपास नसतोच.

प्रश्नकर्ता: भारी, थँक्स! नंतर डेअरीची निवळी (व्हे) वापरली तर?

उत्तर १: आधी लॅक्टिक बॅक्टेरियांनी आंबवून घे, लॅक्टोजचं लॅक्टेट होऊ दे. गढूळपणा मात्र गाळून काढ, नाहीतर उजेड अडतो.