सफरचंदाऐवजी द्राक्षं

पोर्क चॉप्स, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाड काप, सफरचंद घालून करायची एक कृती आहे, आणि ती करून पाहिल्यावर ‘फार गोड झालं’ अशी तक्रारही आलीय. मुळात फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकात बसून सफरचंद कशाला आणायचं? द्राक्षं घाला, हिरवी, जरा आंबटसर. पिवळी झाक आलेली नुसतीच खायला ठेवा.

इंचभर जाडीचे चॉप्स मीठ-मिरी लावून अर्धा तास ठेवा. मग पुसून अगदी कोरडे करा, नाहीतर पाणी सुटून भाजण्याऐवजी उकडतात. बिडाच्या तव्यावर आधी चरबीची कड उभी धरायची, ती सुटली की दोन्ही बाजू तांबूस. चॉप्स बाजूला काढून त्याच सुटलेल्या चरबीत कांदा, ठेचलेला लसूण, दोन मुठी द्राक्षं. साली तडकून रस सुटला की तळाला धरलेलं खरवडून घ्या, चमचाभर व्हिनेगर घाला, चॉप्स परत तव्यात.

आत ६३ अंश सेल्सिअस झालं की गॅस बंद, तीन मिनिटं तसंच राहू द्या. किंचित गुलाबी चालतं. आपल्याकडे भीतीपोटी पार चप्पल करतात! थर्मामीटर नसेल तर मात्र नीट शिजू द्या.

हंगाम नसेल तर भिजवलेले बेदाणे, पण व्हिनेगर दुप्पट. आणि सोबत पाव, भाकरी नको.