परसातले पक्षी, जुना डी९० आणि ३०० मिमीची लेन्स

प्रश्न
माझ्याकडे निकॉनचा डी९० हा २००८ साली बाजारात आलेला कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. परसात येणाऱ्या चिमण्यांची छायाचित्रे घेतो. परंतु पक्षी चौकटीत फारच लहान येतो आणि तेवढाच भाग कापून मोठा केला की पिसांचा तपशील उरत नाही. अधिक लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी, की कॅमेराच बदलावा?

प्रतिसाद १
तूर्त दोन्ही नको, आधी अंतर कमी करा. ३०० मिमीवर चार मीटरवरील १५ सेंमी लांबीचा पक्षी सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) सुमारे १२ मिमीचा, म्हणजे चौकटीच्या निम्म्या रुंदीइतका उमटतो. आठ मीटरवर तो त्याच्याही निम्मा होतो आणि त्याने व्यापलेले क्षेत्र चौथ्या हिश्श्यावर येते. खिडकीपासून चार मीटरवर पाण्याचे उथळ भांडे ठेवा आणि त्याच्या शेजारी एक वाळकी फांदी रोवा, कारण पाण्यावर उतरण्यापूर्वी पक्षी बहुधा जवळच्या फांदीवर टेकून अंदाज घेतो. काच उघडी ठेवून, खोलीतला दिवा मालवून, पडद्याच्या फटीतून लेन्स बाहेर काढा. पहिले काही दिवस नुसते बसावे लागेल. (माझ्या घरच्यांना ही तपश्चर्या अजून पटलेली नाही.)

प्रतिसाद २
अंतराचा मुद्दा मान्य आहे, पण तपशील हरवण्यामागे शटरचा मंद वेगही असू शकतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते. चिमणीची मान हलली तर ती काहीच करू शकत नाही. शटर १/१००० सेकंदावर ठेवा आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६००पर्यंत न्यावा लागला तरी न्या, कारण छायाचित्रात थोडे दाणे (रवाळपणा) आले तरी खपून जातात, हललेला डोळा मात्र दुरुस्त होत नाही. फोकससाठी मधलाच बिंदू वापरा. डी९०च्या ११ बिंदूंपैकी तोच सर्वांत भरवशाचा आहे.

प्रश्नकर्ता
जुनी छायाचित्रे तपासली, बहुतेक १/२५० वर घेतलेली निघाली! आणखी एक शंका आहे: फोकससाठी स्वतःची मोटर नसलेली, एफ/४ची (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितके छिद्र मोठे) जुनी ३०० मिमी लेन्स वापरलेल्या स्थितीत मिळते आहे. ती चालेल का?

प्रतिसाद १
डी९०च्या अंगातच फोकसची मोटर असल्यामुळे चालेल. अंगात मोटर नसलेल्या डी३१००सारख्या कॅमेऱ्यावर तिचा फोकस हातानेच करावा लागला असता. पक्षी मोठा दिसणार नाही, परंतु ३०० मिमीवर तुमच्या सध्याच्या लेन्सच्या एफ/५.६ऐवजी एफ/४ मिळाल्याने दुप्पट प्रकाश आत येईल आणि आयएसओ १६००ऐवजी ८००वर भागेल. घेण्यापूर्वी लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, एवढे अवश्य पाहा.