पानिनीचं रोम: चित्रकला की फेकाफेकी?

हेमांगी_क
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, की रोमची चित्रं काढणारा इटालियन चित्रकार जोव्हानी पाओलो पानिनी हा १८व्या शतकातला फोटोशॉपवाला! १७३५च्या चित्रात पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाशेजारी सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोडेस्वार पुतळा उभा करून म्हणे लोकांना गंडवलं. कुणाला गंडवलं? गिऱ्हाईक बहुतेक ग्रँड टूरवर, म्हणजे युरोप बघायच्या लांबलचक सहलीवर आलेलं श्रीमंत इंग्रज. पुतळा कॅपिटोलाइन टेकडीवर आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. काप्रिचिओत, म्हणजे खऱ्या वास्तू कल्पनेने एकत्र मांडलेल्या चित्रात, जुळवाजुळव हाच खेळ असतो. शिव्या घालण्याआधी खांबांवरचं तिरपं ऊन तरी बघा. रोमच्या फ्रेंच अकादमीत हा माणूस पर्स्पेक्टिव्ह (चित्रात खोली आणि अंतर दाखवायचं तंत्र) शिकवायचा, उगाच नाही.

खडूस_काका
पर्स्पेक्टिव्ह झकास, मान्य. पण खाली ती टीचभर माणसं कशाला? खांबांची उंची कळावी म्हणून! पडझड साहेबाच्या दिवाणखान्यात शोभली की झालं.

हेमांगी_क
काका, रोमन फोरमवर, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, तेव्हा खरोखर गुरं चरायची. रोममध्ये ११ वर्षं काढलेल्या फ्रेंच चित्रकार ह्युबेर रोबेरच्या अवशेषांच्या चित्रांत तर बायका धुणं धुताना दिसतात. राबती जागा होती ती.

दगडफोड्या
अवांतर: निदान ऑइल पेंट तरी नाही फासला कुणी. आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाला समितीने पिवळाधमक रंग दिलाय आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स!

कोकणी_वाघ
रोज पूजा होते तिथे. तेल सांडतं, पाय घसरतात. तुम्हाला वर्षातून एकदा फोटोपुरतं काळंकुळकुळीत देऊळ हवंय.

दगडफोड्या
घसरतो तो टाइल्सवरच! आमची आई तिथेच पडली, मनगट मोडलं. जुन्या फरशीला टाकीचे घाव होते, ओली असली तरी पाय धरून ठेवायची. अनवाणी गेलायत कधी?

कोकणी_वाघ
आवाज खाली. बरं, टाइल्स चुकल्या. रंगाला मात्र हात लावू देणार नाही. आमच्याकडे आम्हीच वर्गणी काढून दिलाय.

खडूस_काका
धागा रोमचा होता, मंडळी. तरी सांगतो, कोलोसियमचे दगड काढून रोमवाल्यांनीच वाडे आणि चर्चं बांधली. वापरणाऱ्याला वास्तू म्हणजे खाण. पानिनीच्या उन्हात हे कुठे दिसतं?

हेमांगी_क
नाही दिसत. घ्या, जिंकलात, हार कुठे पाठवू? चित्र तरीही सुंदरच आहे.

दगडफोड्या
@कोकणी_वाघ, आईचं प्लास्टर निघू दे. तुमच्या रंगीत देवळात घेऊन येतो. तेल मी आणतो, चालून तुम्ही दाखवा.